जबड्याचा सांधा: निदान बोटांनी, मापपट्टीने आणि प्रश्नांनी

अंत्रुजवासी

गोव्यातील फोंडा तालुक्यात दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण माझ्याकडे बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या दारी येतात. कान दुखतो म्हणून ते आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात आणि कान स्वच्छ असल्याचे त्यांना कळलेले असते. मग डोके दुखते म्हणून चष्म्याचा नंबर तपासून होतो. शेवटी कोणीतरी अक्कलदाढेचे नाव घेते आणि "डॉक्टरबाई, ही दाढ काढूनच टाका" अशी मागणी घेऊन ते खुर्चीत बसतात. दाढ पुष्कळदा निर्दोष असते. दुखत असतो तो कानाच्या अगदी पुढचा जबड्याचा सांधा, किंवा त्याहूनही अधिक वेळा तो सांधा हलवणारे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू. गेल्या आठवड्यात या मंचावर कोणीतरी नाइट गार्डविषयी, म्हणजे रात्री झोपताना दातांवर घालायच्या आवरणाविषयी, विचारले होते. त्याचे उत्तर चार ओळींत देणे योग्य वाटले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंडाची उघडमीट केली की जो गोल उंचवटा सरकताना लागतो, तो खालच्या जबड्याचा माथा. तो कवटीच्या खोबणीत बसतो आणि दोघांच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक पातळ चकती असते. तोंड थोडेसे उघडेपर्यंत हा माथा बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो. त्यापुढे मोठा आ करायचा तर तो चकतीसह खोबणीबाहेर येऊन पुढच्या हाडाच्या उतारावर सरकतो. डावा आणि उजवा असे हे दोन्ही सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एकाला विश्रांती देऊन दुसऱ्याने काम करणे शक्य नसते. सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच्याच शाखा कानाच्या नळीच्या पुढच्या भागात आणि पडद्यापर्यंत जातात, त्यामुळे सांध्याची वेदना कानात जाणवते आणि कानात तेल घालण्याचा घरगुती उपाय वाया जातो.

पहिल्या भेटीत मी दातांकडे सर्वांत शेवटी पाहते. आधी रुग्णाला दुखणारी जागा हाताने दाखवायला सांगते. कानापुढे एकच बोट टेकले तर सांध्याचा संशय वाढतो, पूर्ण तळवा गालावरून कानशिलाकडे फिरला तर स्नायूंचा. मग साधी स्टीलची मापपट्टी घेऊन वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधील अंतर मोजते, आणि तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांवर जितके येतात तेवढे त्यात मिळवते. न दुखता तोंड किती उघडते, दुखले तरी जास्तीत जास्त किती उघडते आणि माझ्या बोटांच्या आधाराने आणखी किती उघडते, अशी तीन मापे वहीत उतरतात. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४० ते ५५ मिलिमीटर उघडते. घरच्या घरी पाहायचे तर स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. तिसऱ्या मापात एक खुबी आहे. अडचण स्नायूंची असेल तर बोटांच्या दाबाने जबडा हळूहळू आणखी काही मिलिमीटर सैल होतो. चकती आडवी आली असेल तर तो एका जागी ठाम थांबतो. हा फरक हाताला कळतो, आणि तो कोणत्याही फोटोत दिसत नाही.

त्यानंतर गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहायचे. हा दाब साधारण एक किलोग्रॅम असावा, असा संकेत आहे. हाताला त्याचा अंदाज यावा म्हणून दवाखान्यात एक स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला आहे आणि त्यावर बोट दाबून मी अधूनमधून सराव करते. दाबल्यावर दुखले एवढ्याने निदान होत नाही, कारण जोराने दाबले तर कोणाचाही गाल दुखेल. "तुम्ही ज्या दुखण्यासाठी आलात ते हेच का?" हा प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर होकारार्थी आले तरच त्या दुखण्याला किंमत असते. ही पद्धत माझी नाही. १९९२ साली संशोधनासाठी तयार झालेले निकष सुधारून २०१४ साली जे आंतरराष्ट्रीय निदान-निकष प्रसिद्ध झाले, त्यांचा ओळखीची वेदना हा कणा आहे. त्याच निकषांच्या दुसऱ्या भागात झोप, चिंता, नैराश्य आणि दुखण्यामुळे रोजच्या व्यवहारात आलेला अडथळा यांविषयी प्रश्न आहेत. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत हा दुसरा भाग विचारलाच जात नाही, कारण दाताच्या डॉक्टरने झोपेची चौकशी का करावी, असे रुग्णालाही वाटते आणि डॉक्टरलाही.

यातून जी चित्रे समोर येतात त्यांतले सर्वांत मोठे गाठोडे स्नायूंच्या दुखण्याचे. दुसरे चित्र चकती पुढे घसरण्याचे: तोंड उघडताना माथा चकतीवर पुन्हा चढतो तेव्हा 'कट्' असा आवाज येतो, मिटताना कित्येकदा पुन्हा एक हलका आवाज येतो, आणि जबडा उघडताना किंचित वाकडा जाऊन परत मध्यावर येतो. तिसरे चित्र त्याच्या पुढचे. माथा आता चकतीवर चढूच शकत नाही, आवाज अचानक बंद होतो आणि तोंड अर्धवटच उघडते. आवाज थांबला म्हणून आनंदित होऊन रुग्ण दोन आठवडे घरी बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. चौथ्यात सांध्याची झीज असते आणि वाळूवर पाय घासल्यासारखी करकर ऐकू येते.

फोटोविषयी थोडक्यात सांगते. पूर्ण जबड्याचा ओपीजी हा एक्स-रे दाढ, गाठ किंवा हाडाचा मोठा बिघाड नाही ना, हे पाहण्यापुरता उपयोगी आहे. हाडाची झीज बारकाईने पाहायची असेल तर सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे, आणि चकती पाहायची असेल तर एमआरआय, तोही तोंड मिटून आणि उघडून असा दोन्ही स्थितींत. पहिल्याच दिवशी एमआरआय लिहून देण्याची गरज क्वचितच असते, कारण पुष्कळ निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही चकती घसरलेली दिसते आणि त्यांना काहीही दुखत नसते.

उपचाराच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: जे परत फिरवता येते तेच आधी करावे. काही आठवडे मऊ आहार, लहान घास, दोन्ही बाजूंनी चावणे, गालावर ओल्या फडक्याचा कोमट शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरणे, आणि दिवसभरात दात एकमेकांवर टेकलेले नाहीत ना, यावर लक्ष. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकलेले, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. गरज असेल तर पोट, मूत्रपिंड, दमा यांची चौकशी करून काही दिवस आयब्युप्रोफेनसारखे औषध. रात्री दात खाण्याची सवय असेल तर कठीण ॲक्रिलिकचा, सगळ्या दातांना झाकणारा सपाट स्प्लिंट, म्हणजेच नाइट गार्ड. दात घासून चावा बदलणे, दुखण्यासाठी म्हणून कॅप बसवणे किंवा दाढा काढणे, या गोष्टी परत फिरवता येत नाहीत आणि केवळ सांध्याच्या दुखण्यासाठी त्या करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

साखळीच्या_बाई

लेख अत्यंत उपयुक्त आहे. माझ्या उजव्या कानाजवळ कित्येक वर्षांपासून आवाज होतो, शेजारी बसलेल्याला ऐकू जावा इतका. दुखत मात्र नाही आणि तोंडही व्यवस्थित उघडते. वर्गात दिवसभर बोलावे लागत असल्यामुळे पुढे जाऊन त्रास होईल, ही भीती मनात आहे. आताच उपचार करून घेणे शहाणपणाचे ठरेल का?

अंत्रुजवासी

बाई, वेदना नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल आणि जबडा मध्येच अडकत नसेल तर नुसत्या आवाजावर उपचार करू नयेत. असा आवाज समाजात पुष्कळांना असतो आणि त्यांतल्या थोड्यांचाच सांधा पुढे अडकतो; कोणाचा अडकेल हे आधी सांगता येत नाही आणि आवाज बंद केल्याने ते टळते, असेही दिसलेले नाही. आवाज मुद्दाम काढून दाखवण्याची सवय असेल तर ती सोडावी. सकाळी उठल्यावर जबडा काही क्षण अडकून मग सुटू लागला, तर मात्र येऊन माप घेऊन जावे.

मांडवीकाठ

मी कार्यालयात दिवसभर संगणकासमोर असतो. दोन्ही गाल आणि कानशिले संध्याकाळपर्यंत भरून येतात. एका दवाखान्यात मला सांगण्यात आले की माझा चावाच चुकीचा आहे, त्यामुळे सांधा बिघडला आहे आणि वरच्या-खालच्या दाढा घासून त्यांवर कॅप बसवल्याशिवाय हे बरे होणार नाही. खर्चाचा आकडा ऐकून मी विचार करायला वेळ मागितला. तिथे ना तोंड किती उघडते ते कोणी मोजले, ना गाल दाबून पाहिला. ओपीजी मात्र लगेच काढला. आपल्या लेखातील शेवटचे वाक्य वाचून प्रश्न पडला की इतके ठामपणे उलट सांगणारे डॉक्टर कोणत्या आधारावर सांगत असतील?

अंत्रुजवासी

तुमची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत निकाल देणार नाही. पण त्या सल्ल्यामागचा विचार कुठून आला ते सांगता येईल. १९३४ साली जेम्स कॉस्टेन नावाच्या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या आणि सांध्याच्या तक्रारींचा संबंध दाढा गेल्यामुळे खाली बसलेल्या चाव्याशी जोडला. त्याने वर्णन केलेली लक्षणे खरी होती, मात्र त्याची शरीररचनेची कारणमीमांसा पुढे टिकली नाही. तरीही चावा सुधारला की सांधा सुधारतो ही कल्पना दंतवैद्यकाच्या शिक्षणात अनेक दशके मुरली, कारण चावा ही आमच्या हातातली गोष्ट आहे आणि हातातल्या गोष्टीतच रोगाचे मूळ दिसणे हा व्यवसायाचा स्वभाव असतो. चावा वेडावाकडा असलेली असंख्य माणसे सांध्याच्या तक्रारीविना जगतात आणि सरळ दातांच्या माणसांचे जबडे दुखतात. शिवाय सांध्याला सूज असेल किंवा स्नायू आखडलेले असतील तर त्यामुळेच चावा तात्पुरता बदललेला जाणवतो. अशा वेळी दात घासले तर दुखणे ओसरल्यावर घासलेला चावा खरोखरच चुकीचा ठरतो.

तुमच्या वर्णनातील 'संध्याकाळपर्यंत भरून येतात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रात्री दात खाणाऱ्यांचा जबडा बहुधा सकाळी उठतानाच जड असतो. दुखणे दिवसभरात चढत जात असेल तर जागेपणी दात आवळून धरण्याची शक्यता अधिक. संगणकाच्या चौकटीवर एक छोटा रंगीत ठिपका चिकटवा आणि त्याकडे नजर गेली की दात टेकलेले आहेत का ते पाहा. टेकलेले असतील तर तोंडाने हलकी फुंकर मारून जबडा सैल सोडा. नैराश्यासाठी एसएसआरआय गटातील गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनी काहींमध्ये दात आवळणे वाढते. मात्र गोळी परस्पर बंद करू नका.

म्हापसा_फिजिओ

धाग्याशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, पण स्प्लिंटच्या बाबतीत ताईंनी हात थोडा सैल सोडला आहे, असे मला वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये बीएमजे या नियतकालिकात जबड्याच्या जुनाट, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेसाठी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्यांत ठाम शिफारस मिळाली ती सीबीटी या मानसोपचाराला, प्रशिक्षित हातांनी सांधा हलवण्याला, स्नायूंतील दुखऱ्या गाठी हाताने दाबून सोडवण्याला, आणि देखरेखीखालील जबड्याच्या व शरीरस्थितीच्या व्यायामांना. काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या विरोधात सौम्य आणि कायमचे बदल घडवणाऱ्या स्प्लिंटच्या विरोधात ठाम शिफारस आहे. असे असूनही माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या पिशवीत एक तरी स्प्लिंट असतोच, आणि व्यायाम मात्र त्यांना कोणी शिकवलेला नसतो.

चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांचा व्यायामक्रम आम्ही वापरतो: सहा हालचाली, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. त्यांतल्या सर्वांत सोप्या हालचालीत जिभेचे टोक टाळूला टेकवून, ते न सोडता तोंड उघडायचे. जीभ वर असेपर्यंत माथा फारसा पुढे सरकत नाही, त्यामुळे सांधा ताणला न जाता फिरतो. मान पुढे काढून बसणाऱ्यांची मान आधी जागेवर आणावी लागते. नुसत्या जबड्याच्या व्यायामाने त्यांना अर्धाच आराम पडतो.

अंत्रुजवासी

शिफारशी मी वाचल्या आहेत आणि जुनाट वेदनेच्या बाबतीत स्प्लिंटला पहिले स्थान देऊ नये, हे मान्य करते. परंतु त्या शिफारशी वेदनेपुरत्या आहेत. झोपेत दात खाऊन ज्याच्या दाढांचे माथे सपाट झाले आहेत किंवा भरलेला दात वारंवार फुटतो आहे, त्याला स्प्लिंट मी दातांच्या संरक्षणासाठी देते, आणि हे दुखण्याचे औषध नव्हे, असे सांगूनच देते. माझी खरी तक्रार ऑनलाइन मिळणाऱ्या, गरम पाण्यात मऊ करून चावायच्या गार्डविषयी आणि फक्त पुढच्या दातांवर बसणाऱ्या छोट्या पट्टीविषयी आहे. ती पट्टी देखरेखीविना महिनोन्महिने वापरली तर न झाकलेल्या दाढा वाढून वर येतात आणि पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. ते नुकसान दुरुस्त करायला सांध्याच्या दुखण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो.

कानसेन

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि ताईंनी वर्णन केलेल्या पहिल्या दाराशी उभा असतो. निरोगी कान पाहिल्यावर रुग्णाला "काही नाही" असे सांगून परत पाठवणे ही आमच्या बाजूची उणीव आहे, कारण त्याच खुर्चीत कानापुढे दोन बोटे ठेवून तोंड उघडायला सांगणे काही सेकंदांचे काम असते.

परंतु उलट बाजूही नोंदवली पाहिजे, कारण जबडा दुखतो म्हणजे सांधाच बिघडला, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्याने कानशीळ दुखू लागले आणि चार घास चावताच जबडा थकून दुखू लागून थांबल्यावर बरा वाटू लागला, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि तज्ज्ञाचा सल्ला हवा. चढण चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, अशा रुग्णाची आधी हृदयाची तपासणी करावी. एका बाजूच्या ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा, वाढत जाणारी सूज, मानेत गाठ किंवा कारणाविना वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर स्प्लिंट करत बसू नये.

तोंड न उघडण्याची सर्वच कारणे सांध्यात नसतात. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या गालाचे अस्तर हळूहळू कडक होऊन तोंड वर्षागणिक लहान होत जाते, तिखट लागताच आग होते आणि आरशात गालाची आतली बाजू पांढुरकी दिसते. त्या विकारात पुढे कर्करोगाची शक्यता असते, त्यामुळे त्यांनी व्यायाम शोधत बसण्यापूर्वी तोंडाची तपासणी करून घ्यावी. जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसली तर तो धनुर्वात असू शकतो, आणि तिथे थेट रुग्णालयच गाठायचे असते.

रंगपट

अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. आमच्या गावच्या जत्रेतील नाटकात एका नटाने मोठ्याने हसण्याचा प्रवेश केला आणि त्याचा जबडा उघडाच राहिला. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. विंगेत आणल्यावर कोणीतरी त्याला जोरात थप्पड मारण्याचा उपाय सुचवला, सुदैवाने तो कोणी अमलात आणला नाही. रात्रीच त्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेले आणि तिथे डॉक्टरांनी काही क्षणांत जबडा बसवला. त्यांनी नेमके काय केले असेल?

अंत्रुजवासी

थप्पड मारणे घातक आहे, हाड मोडू शकते. इथे माथा पुढच्या उतारावरून पलीकडे गेलेला असतो आणि स्नायू आखडल्यामुळे त्याला मागे येता येत नाही. डॉक्टर रुग्णाला खाली, डोके टेकवून बसवतात, अंगठ्यांना जाड पट्टी गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवतात आणि जबडा आधी खाली दाबून मग मागे ढकलतात. हिपोक्रेटिसच्या काळापासून हीच पद्धत आहे. पट्टीचे कारण असे की बसताक्षणी जबडा झटकन मिटतो. हे घरी करू नये. तोपर्यंत रुग्णाला बोलायला लावू नये, हनुवटीखाली रुमालाचा आधार द्यावा आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे. नंतर काही आठवडे मोठी जांभई आणि मोठा घास दोन्ही टाळावे लागतात, कारण एकदा निखळलेला जबडा पुन्हा निखळण्याची शक्यता असते.

घुमटवादक

माझा प्रश्न थोडा तातडीचा आहे. गणेश चवथीच्या दिवसांत आमचे पथक घरोघरी आरत्या म्हणत फिरते. घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्यावर आवाज चढवायचा म्हणजे तोंड पूर्ण उघडूनच गावे लागते. माझ्या उजव्या कानाजवळ पूर्वी आवाज येत असे. महिन्याभरापूर्वी एका सकाळी तो आवाज थांबला आणि तेव्हापासून तोंडात दोन बोटे कशीबशी जातात. उंडा हा कडक पाव चावणे सोडाच, मऊ पोईसुद्धा आमटीत भिजवून खावी लागते. पेज आणि शीत-कढी यांवरच दिवस काढतो आहे. ओपीजी काढला, त्यात सर्व ठीक असल्याचे सांगितले.

अंत्रुजवासी

भाऊ, आरशासमोर उभे राहून तीन गोष्टी पाहून कळवा. तोंड उघडताना हनुवटी कोणत्या बाजूला जाते, जबडा डावीकडे किती सरकतो आणि उजवीकडे किती सरकतो. जोर लावू नका.

घुमटवादक

हनुवटी उजवीकडे जाते आणि तिथेच राहते, मध्यावर परत येत नाही. जबडा उजवीकडे सहज सरकतो. डावीकडे जवळजवळ सरकतच नाही आणि प्रयत्न केला तर उजव्या कानापुढे टोचते.

अंत्रुजवासी

तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात. जबडा डावीकडे न्यायचा असेल तर उजवा माथा पुढे सरकावा लागतो. तो सरकत नाही, म्हणून डावीकडची हालचाल थांबली आहे. तोंड उघडताना डावा माथा पुढे येतो, उजवा मागेच राहतो, आणि हनुवटी उजवीकडे ओढली जाते. त्यात पूर्वीचा आवाज अचानक थांबलेला. उजवी चकती पुढे अडकली असण्याचीच शक्यता सर्वाधिक आहे, पण प्रत्यक्ष तपासणीशिवाय ते निदान मानू नका. ओपीजी ठीक असणे याच्याशी सुसंगत आहे, कारण चकती त्या फोटोत दिसतच नाही. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभागात दाखवा आणि 'कधीपासून' याची तारीख नक्की सांगा, कारण अडकून थोडेच दिवस झाले असतील तर हाताने जबडा हलवून चकती सुटण्याची संधी असते आणि जसजसे आठवडे जातात तसतशी ती कमी होते.

साखळीच्या_बाई

हे वाचून मी माझा आवाज मुलांना काढून दाखवणे आजपासून बंद केले आहे.

घुमटवादक

बांबोळीला जाऊन आलो. तिथे मापपट्टीने मोजले तेव्हा २७ मिलिमीटर भरले, डॉक्टरांनी बोटांनी दाबूनही त्यात फरक पडला नाही. त्यांनी हाताने जबडा हलवून पाहिला, चकती सुटली नाही, परंतु व्यायाम, शेक आणि थोड्या दिवसांची गोळी लिहून दिली आणि पुन्हा बोलावले. व्यायाम नेमाने करतो आहे. घरी मोजले तर आता ३३ च्या आसपास भरते आणि दुखणेही कमी आहे. एका नातेवाइकाने सांगितले की सांध्यात सुई घालून धुऊन घेतला की लगेच मोकळा होतो. ते आताच करून घ्यावे का? आणि चवथीला गाता येईल का?

म्हापसा_फिजिओ

२७ वरून ३३ ही प्रगती चांगली आहे. व्यायाम दुखेपर्यंत ताणू नका, ओढ जाणवली की थांबा. सकाळी शेकल्यानंतर केलेला व्यायाम अधिक मानवतो.

अंत्रुजवासी

सांधा धुण्याची ती प्रक्रिया इस्रायलच्या डोरित निट्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली अशाच अडकलेल्या सांध्यासाठी मांडली. जागा बधिर करून सांध्याच्या वरच्या कप्प्यात दोन सुया घालतात. एकीतून सलाइनसारखे द्रावण आत जाते, दुसरीतून बाहेर येते, आणि कप्पा फुगून मोकळा झाला की जबडा हलवतात. शस्त्रक्रियेच्या मानाने ती छोटी आहे आणि योग्य रुग्णात उपयोगी पडते. पण ती चकती जागेवर आणून बसवत नाही. चकती पुढेच राहिली तरी तिच्या मागच्या ऊती हळूहळू भार सोसू लागतात आणि बहुतेकांचे तोंड काही महिन्यांत पुरेसे उघडू लागते, असाच या विकाराचा नैसर्गिक मार्ग आहे. तुमचे माप वाढते आहे आणि वेदना उतरते आहे, तोवर सुई घालण्याचे कारण मला दिसत नाही. माप काही आठवडे एकाच आकड्यावर अडून राहिले किंवा वेदनेने झोप मोडू लागली, तर तोंड व जबडा शल्यचिकित्सा विभागात एमआरआयसह हा प्रश्न नव्याने मांडावा.

चवथीपर्यंत ३५ च्या वर न दुखता पोचलात तर आरत्या म्हणायला हरकत नाही, मात्र चढ्या आवाजाची आरती दुसऱ्याने उचलावी आणि तुम्ही धृपदापुरते राहावे. दोन घरांच्या मध्ये खाजे आणि सुके खोबरे समोर आले तर ते पिशवीत टाका. घुमट वाजवताना दात आवळून धरण्याची सवय आहे का, तेही कोणालातरी पाहायला सांगा. तालाच्या भरात ती स्वतःला कळत नाही.